आधी अंग मोडायचं, मग हात पसरायचा

आजारी माणसासाठी डोंगर चढणं आपल्याकडे फार जुनं आहे. ‘पोराला उतार पडू दे, अनवाणी तुझ्या पायाशी येईन’ असा नवस बोललेली माणसं नवरात्रात कळसूबाईच्या वाटेवर आजही भेटतात. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून अंधारात निघायचं, भातखाचरं मागे टाकायची, कातळात रोवलेल्या लोखंडी शिड्या चढायच्या आणि 1646 मीटरवरच्या त्या एवढ्याशा देवळात ओटी भरायची. एका वर्षी शिडीवर माझ्या पुढे एक बाई होत्या. खांद्याला ओटीची पिशवी, पायात काही नाही. पायऱ्यांचं लोखंड पावसानं गुळगुळीत झालेलं, म्हणून त्या प्रत्येक पायरीवर आधी टाच टेकवून बघायच्या आणि मगच भार द्यायच्या. नवस सुनेसाठी होता. सून अंथरुणाला खिळलेली. “तिला चालवत नाही, म्हणून तिच्या वाटणीचं मी चालते,” एवढंच त्या म्हणाल्या.

माझी सगळी नोकरी परळच्या एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात झाली. डॉक्टरांनी लिहून दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक, रेशनकार्डाची झेरॉक्स, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि केसपेपर एकत्र टाचायचे आणि एकेका ट्रस्टला पत्र लिहायचं, असं ते काम. थोडक्यात, दुसऱ्यांसाठी पैसे मागणं. मागताना माणसाची मान कशी खाली जाते, हे मी तिथे रोज पाहिलं. साताऱ्याकडचे एक गवंडी बायकोच्या केमोसाठी अर्ज भरताना उत्पन्नाच्या रकान्यापाशी थांबले आणि म्हणाले, “मॅडम, आजवर कुणापुढे हात पसरला नाही हो.” सुट्टीत सह्याद्रीत हिंडायचा मला नाद. त्यामुळे डोंगर चढून कॅन्सरच्या रुग्णांसाठी पैसा उभा करणाऱ्यांचा इतिहास मी मिळेल तिथून वाचत आले. या लोकांनी मागण्याची एक मानाची रीत घालून दिली: आधी आपलं अंग मोडायचं, मग हात पसरायचा.

या रीतीचं सर्वांत जुनं रूप मला सापडलं ते जपानमध्ये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, फुजी पर्वताच्या भक्तांची मंडळं होती. त्यांना फुजी-को म्हणत. कारागीर, दुकानदार, हातावर पोट असलेली माणसं त्यात असायची. फुजी 3776 मीटर उंच. तिथवरचा प्रवास, मुक्काम, वाटाड्या हा खर्च एकेकट्याला झेपणारा नव्हता. म्हणून आपल्या भिशीसारखी थोडी थोडी वर्गणी काढायची आणि चिठ्ठ्या टाकायच्या. ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघेल त्यांनी त्या वर्षी सगळ्यांच्या वतीनं शिखर गाठायचं. पुढच्या वर्षी दुसऱ्यांची पाळी. चढणारे पाय चार-दोघांचे, पैसा आणि पुण्य मात्र सगळ्या मंडळाचं.

ज्यांना जाणं शक्यच नव्हतं त्यांचाही विचार या मंडळांनी केला होता. 1780 च्या सुमारास एदोमध्ये छोटे छोटे फुजी उभे राहू लागले. मातीचा ढीग करायचा, त्यावर खऱ्या फुजीवरून आणलेले लाव्हाचे दगड रचायचे, नागमोडी वाट काढायची. म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि बायका हा टेकडीएवढा डोंगर चढायच्या. बायका यासाठी, की खऱ्या फुजीच्या माथ्यावर जायला त्यांना बंदी होती. 1832 मध्ये ताकायामा तात्सू नावाची बाई पुरुषाचा वेश करून वर गेली, आणि फुजी चढलेली पहिली स्त्री म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. बंदी सरकारी हुकमानं उठली ती 1872 मध्ये. फुजीकडे मला पुन्हा यायचं आहे, म्हणून हे साल लक्षात ठेवावं.

या मंडळांतूनच आजची प्रथा निघाली, असं माझं म्हणणं नाही. आजची प्रथा आली इंग्लंड-अमेरिकेतल्या ‘मैलामागे इतके पैसे’ अशा बोलीवरच्या चालण्यांतून. तिला कॅन्सरशी कायमचं जोडलं ते कॅनडाच्या एका मुलानं. टेरी फॉक्सला हाडांचा कॅन्सर झाला आणि 1977 मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. तेव्हा तो 18 वर्षांचा होता. उपचारांच्या काळात वॉर्डात त्यानं त्याच्याहून लहान मुलांचे हाल पाहिले, आणि ते त्याच्या मनातून गेले नाहीत. 12 एप्रिल 1980 ला न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सहून, कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवून, तो देश ओलांडायला धावत निघाला. रोज साधारण एका मॅरेथॉनएवढं अंतर. मागणी साधी होती: प्रत्येक कॅनडावासीयानं एक डॉलर द्यावा. एखाद्या मालाची जाहिरात करून मिळणारा पैसा त्याला नको होता. 143 दिवसांत 5373 किलोमीटर झाले, आणि 1 सप्टेंबरला थंडर बे गावाजवळ त्याला थांबावं लागलं. कॅन्सर फुप्फुसात उतरला होता. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत निधी 2 कोटी 41 लाख डॉलरवर गेला. माणशी एका डॉलरचं त्याचं मागणं पुरं झालं. जूनमध्ये टेरी गेला, वयाच्या 22 व्या वर्षी. ज्या रॉकी पर्वतरांगेपर्यंत तो धावत पोचू शकला नाही, तिथल्या एका शिखराला त्याच वर्षी त्याचं नाव दिलं गेलं. त्याच्या नावाची दौड पुढे देशोदेशी गेली, मुंबईतही भरली.

टेरी धावला तेव्हा आपला आजार आटोक्यात आला अशी त्याची समजूत होती. मात्र हा आजार झालेल्या माणसांनीच, तेही एका मोठ्या गटानं, जवळजवळ सात हजार मीटरच्या डोंगरावर जायचं, ही कल्पना आली ती लॉरा इव्हान्सची. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते ती हीच बाई.

लॉरा डोंगरात रमणारी होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिला स्तनाचा कॅन्सर निघाला, तोही पसरण्याची मोठी भीती असलेला. त्या काळात अशा रुग्णांना एक भयंकर उपचार दिला जाई. अस्थिमज्जा आधी काढून ठेवायची, मग केमोचा इतका मोठा डोस द्यायचा की शरीरात उरलेली मज्जा मरून जाते, आणि मग काढून ठेवलेली मज्जा परत चढवायची. ती रुजून नव्या पेशी तयार व्हायला लागेपर्यंत रुग्णाची प्रतिकारशक्ती जवळजवळ शून्य. साधी सर्दीसुद्धा जीव घेईल. म्हणून कित्येक आठवडे एका खोलीत एकटं राहायचं, भेटायला येणाऱ्यानं मास्क आणि गाऊन घालूनच यायचं. लॉरा त्या खोलीतून बाहेर आली, हळूहळू चालू लागली, पुढे किलिमांजारो चढली. आणि तिनं ठरवलं की आता एकटीनं नाही जायचं.

जानेवारी 1995 मध्ये अर्जेंटिनातल्या अकोन्काग्वा पर्वताकडे तिची मोहीम निघाली. उंची सुमारे 6961 मीटर, आशियाबाहेरचं जगातलं सर्वांत उंच शिखर. स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या 17 बायका, काही विशीतल्या तर काही साठीच्या. नेतृत्व पीटर व्हिटेकरचं. 1963 मध्ये एव्हरेस्टवर गेलेला पहिला अमेरिकी जिम व्हिटेकर हा त्याचा काका. काही जणींनी शिखराचा प्रयत्न करायचा आणि बाकीच्यांनी खालच्या तळापर्यंत चालायचं, असे दोन गट आधीच पाडलेले. म्हणजे सगळ्यांनी माथा गाठायचा हट्ट मुळातच नव्हता, आणि हा मला त्या मोहिमेचा मोठा शहाणपणा वाटतो. अकोन्काग्वाच्या नेहमीच्या वाटेवर दोर बांधून चढण्याची अवघड जागा फारशी नाही. तिथे माणूस हरतो तो विरळ हवेपुढे, थंडीपुढे आणि वाऱ्यापुढे.

त्या बायकांच्या पाठीवरच्या सॅकचं महत्त्व कळायला वॉर्डात काम केलेलं असावं लागतं. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढतात. त्यानंतर काहींच्या हाताला सूज येते. शरीरातला एक प्रकारचा द्रव वाहून जायची वाट अडते, हात जड होतो आणि कधी कधी तो जन्मभर तसाच राहतो. या भीतीनं तेव्हा जगभर एकच सल्ला दिला जाई: त्या हातानं वजन उचलू नका. आमच्याकडेही घरी सोडताना हेच सांगितलं जायचं. समोर बसलेली बाई मान डोलवायची आणि मग हळूच विचारायची, “पाण्याचा हंडा चालेल का?” तिच्या गावात नळ नव्हता. तिच्या वाटचा हंडा उचलणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. अशा बाईच्या बरोबरीच्या बायका खांद्यावर पट्टे आवळून अँडीजमध्ये निघाल्या होत्या. 1996 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी या डॉक्टरनं अशाच 24 बायकांना लांब होडी वल्हवायला लावून पाहिलं. त्यांच्या हातांना सूज आली नाही. 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मोठा अभ्यास छापून आला, की बेताबेतानं वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामानं सूज वाढत नाही. डॉक्टरांचा सल्ला बदलला तो या अभ्यासांमुळे. अकोन्काग्वाच्या बायकांनी ते शास्त्र सिद्ध केलं असं नाही, पण शास्त्राच्या आधी त्यांनी आपला खांदा पुढे केला होता.

मोहिमेवर माहितीपट निघाला, लॉरानं पुस्तक लिहिलं, संशोधनासाठी लाखो डॉलर जमले. आणि मोहिमेशी जोडलेल्या दुसऱ्या एका बाईनं पुढे याची परंपराच करून टाकली. तिचं नाव अँड्रिया मार्टिन. स्वतःला दुसऱ्यांदा स्तनाचा कॅन्सर निघाल्यावर 1992 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिनं ‘ब्रेस्ट कॅन्सर फंड’ काढला. 1998 मध्ये या संस्थेची मोहीम अलास्कातल्या 6190 मीटरच्या मॅकिन्ली म्हणजेच डेनालीवर गेली. त्यात या आजारातून उठलेल्या पाच जणी होत्या. आणि 2000 मध्ये तिनं निवडला तो फुजी. अमेरिकेतली आणि जपानमधली शेकडो माणसं एकत्र चढली. जिथे 1872 पर्यंत बाईला माथ्यावर पाऊल ठेवायची मुभा नव्हती, तिथे ऑपरेशनचे व्रण घेऊन बायका गेल्या.

जपानमध्ये हे घडलं, याला आणखी एक अर्थ आहे. तिथे कॅन्सर झाला आहे हे रुग्णाला न सांगण्याची रीत फार वर्षं होती. डॉक्टर घरच्यांना सांगत आणि घरचे गप्प बसत. आपल्याला हे काही परकं नाही. “पेशंटला सांगू नका हं,” असं दबक्या आवाजात सांगायला किती नातेवाईक माझ्या टेबलाशी आले असतील! आजारी बाई स्वतः सगळं ओळखून असायची आणि घरच्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प राहायची. दोन्ही बाजूंनी ओझं वाहायचं आणि बोलायचं कुणी नाही. जपानसारख्या देशात ‘मला हा आजार झाला होता’ म्हणत उघड्या डोंगरावर उभं राहणं, हे मी जमलेल्या पैशाइतकंच मोलाचं मानते.

लॉरा 2000 मध्ये गेली, अँड्रिया 2003 मध्ये. दोघीही मेंदूतल्या गाठीनं. शिखर गाठलं म्हणजे आजार हरला, असं सांगणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत आणि मला ते आवडत नाहीत. जे वॉर्डातून उठले नाहीत ते लढायला कमी पडले, असं त्यातून न बोलता बोललं जातं. तसं नसतं. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. लॉरानं सोसलेला तो मज्जेचा उपचार पुढे मागे पडला. 1999 मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये साध्या केमोपेक्षा त्याचा फायदा होत नाही असं दिसलं. फायदा दाखवणारी दक्षिण आफ्रिकेतली एक गाजलेली चाचणी खोटी निघाली. हजारो बायकांनी त्या एकांतातल्या खोल्या विनाकारण भोगल्या होत्या. संशोधनाला दिलेला पैसा नवं औषध शोधायला लागतो, तसाच निरुपयोगी उपचार उघडा पाडायलाही लागतो. देणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, पण माझ्या मते या पैशाचं याहून मोठं काम नाही.

अँड्रियाच्या माघारी तिच्या संस्थेची चढाई कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला असलेल्या माउंट शास्तावर स्थिरावली. 4322 मीटरचा बर्फाळ ज्वालामुखी. बुटांखाली क्रॅम्पॉनचे काटे, हातात आइस अ‍ॅक्स, आणि घसरलो तर कुऱ्हाड बर्फात रोवून स्वतःला कसं थांबवायचं याचा सराव आदल्या दिवशी. बर्फ टणक असताना चढून व्हावं म्हणून मध्यरात्रीनंतर निघायचं. चढणाऱ्यानं ठरावीक निधी आधी जमवायचा. ज्यांना हा आजार झाला त्यांची नावं लिहिलेल्या तिबेटी पताका सोबत न्यायच्या. या संस्थेनं पैसा उपचारांऐवजी प्रतिबंधाकडे वळवला: सौंदर्यप्रसाधनांतली, प्लास्टिकमधली, रोजच्या वापरातली रसायनं तपासायची आणि कायदे बदलून घ्यायचे. 2017 मध्ये तिनं नावातच ‘प्रिव्हेन्शन’ हा शब्द घेतला.

एव्हाना ही प्रथा सगळीकडे पसरली होती. शॉन स्वार्नर हा तरुण, लहानपणी दोनदा कॅन्सर होऊन एकाच फुप्फुसावर जगणारा, 16 मे 2002 ला एव्हरेस्टवर पोचला. रुग्णांची नावं लिहिलेला झेंडा त्याच्याजवळ होता. ब्रिटनमधून किलिमांजारोला निधीसाठी जाणाऱ्यांची रीघ लागली. आणि इथेच मला थांबून दोन गोष्टी स्पष्ट म्हणाव्याशा वाटतात.

पहिली पैशाची. विमानाचं तिकीट, परवाना, वाटाडे, तंबू हा सगळा खर्च जमलेल्या निधीतूनच भागवायचा आणि उरेल ते रुग्णांना द्यायचं, अशा सहली निघू लागल्या. शेजाऱ्यानं कॅन्सरच्या रुग्णासाठी दिलेली नोट कुणाच्या तरी प्रवासाला लागते. मी याला निधी म्हणणार नाही. दुसरी गोष्ट हमालांची. किलिमांजारोवर चढणाऱ्याचं सामान, तंबू आणि स्वयंपाकाची भांडी तिथलेच लोक वाहून नेतात. एकाच्या डोक्यावर 20 किलोपेक्षा जास्त असू नये हा तिथला दंडक, पण तो पाळला जावा म्हणून 2003 पासून एका संस्थेला खास काम करावं लागतं आहे. एकाच्या उपचारासाठी दुसऱ्याची मान मोडत असेल, तर तो डोंगर न चढलेला बरा.

हे नीट कसं करावं याचा धडा आपल्या घरातच आहे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे. गाव झाडून व्हायचं, मग रात्री कीर्तन, आणि मग लोकांकडे मागणं. त्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यांनी त्यातलं काही ठेवलं नाही. त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे, आणि तिथे उतरणाऱ्यांत मोठा भरणा असतो तो कॅन्सरच्या रुग्णांचा आणि त्यांच्या नातेवाइकांचा. परळला 1968 पासून नाना पालकर स्मृती समितीही हेच काम करते.

पैसा कुठे अडतो, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. 28 फेब्रुवारी 1941 ला परळमध्ये टाटा मेमोरियल उघडलं, तेव्हापासून देशभरातून माणसं इथे येतात. ऑपरेशनसाठी, केमोसाठी काही ना काही योजना मिळते, ट्रस्ट मिळतो. पण रेडिएशनचा शेक आठवड्याचे पाच दिवस, काही आठवडे चालतो. तेवढे दिवस मुंबईत राहायचं कुठे, खायचं काय, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी कोण देणार? या खर्चाचं अंदाजपत्रक कुणी लिहून देत नाही. उपचार अर्धवट टाकून गावी परतलेली माणसं मी पाहिली आहेत. बहुतेकांना औषधाच्या किमतीनं नाही, फुटपाथवरच्या रात्रींनी परत पाठवलं.

म्हणून आपल्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. कुणा रुग्णासाठी कळसूबाई चढायचं मनात आलं तर जरूर चढा. त्यासाठी अकोन्काग्वाला जायची गरज नाही. एस.टी.चं भाडं आणि बारीतल्या जेवणाचे पैसे स्वतःच्या खिशातून द्या. कुणाकडून किती आले आणि कुठे गेले याचा कागद चढाईच्या आठवडाभरात सगळ्यांना पाठवा. आणि निघण्याआधी परळ-दादरच्या एखाद्या धर्मशाळेत स्वतः जाऊन विचारा, या महिन्यात काय कमी पडतं आहे. तांदूळ म्हणाले तर तांदूळ द्या, भाडं म्हणाले तर भाडं द्या.